खोकल्याचं बटण

प्रिय भोंग्या,

या नावाने तुला हाक मारू शकणारे आपल्या वर्गातले आता दोघे-तिघेच उरले असतील, आणि तेही तुझ्या दारात आले की तुला ‘साहेब’ म्हणतात. मी पत्रात तरी म्हणणार नाही. प्रार्थनेच्या वेळी तुझा आवाज ओढ्यापलीकडच्या शेतात ऐकू जायचा, म्हणून गुरुजींनी ठेवलेलं नाव आहे ते. निवडणूक जिंकली म्हणून ते बदलत नाही.

फोन न करता पत्र कशाला, असं तुला वाटेल. एक तर तुझा फोन हल्ली तुझे सचिव उचलतात आणि आधी ‘विषय काय?’ असं विचारतात. मला तो सांगता आला नसता. दुसरं म्हणजे तू स्वतः उचलला असतास, तरी माझं पुरतं ऐकून घेतलं नसतंस. माझ्या तिसऱ्या वाक्याला ‘सोड रे’ म्हणून मोकळा झाला असतास. मला इतक्यात सुटायचं नाही. म्हणून गेले चार दिवस सकाळी देवापुढे बसून उठलो की थोडं थोडं लिहितो आहे. अक्षर मध्येच बदललेलं दिसेल ते त्यामुळे.

घरी सगळं ठीक आहे. तुझ्या वहिनीचा गुडघा जिना चढताना कुरकुरतो आणि ती माझ्यावर. लेकीची नर्सिंगची शेवटची परीक्षा पुढच्या महिन्यात आहे, त्यामुळे घरात जो सापडेल त्याची नाडी मोजत हिंडते. परवा माझी मोजली आणि म्हणाली, बाबा, तुम्ही नुसते बसलेले असताना ही इतकी का पळते? मी म्हटलं, वय झालं. तिचा विश्वास बसला नाही.

तुझ्या आईच्या खोलीची काच फुटल्याचं कळलं. दगड पलंगापासून हातभरावर पडला म्हणे. काकूंना लागलं नाही हे ऐकून मी हात जोडले, पण नंतर बराच वेळ मला जेवण गेलं नाही. त्या दगडात माझा वाटा किती, याचा हिशेब मला सुटत नव्हता. तो कसा, हे पुढे सांगतो.

शनिवारी केस कापायला गेलो होतो. हल्ली सलूनमध्ये तुझ्याखेरीज दुसरा विषय नसतो. सलूनवाल्याचं म्हणणं असं, की घरात काय भांडायचं ते भांडा, सरकारला वाट्टेल ते बोला, पण परक्यांच्या देशात जाऊन आपली लक्तरं वेशीवर टांगायची म्हणजे फार झालं. आमच्या गल्लीतले निवृत्त पोस्टमास्तर अर्ध्या गालाला फेस लावून बसले होते. ते म्हणाले, अरे, घरात टांगून टांगून त्या माणसाची दोरी झिजली, तेव्हा तू मान वर करून पाहिलंस का? सलूनवाला वस्तरा हवेतच धरून थांबला. मग त्याने मला विचारलं, की तुम्ही तर तिथे होता, तुमच्या तोंडून ऐकताना त्या लोकांचे चेहरे कसे झाले होते? मी म्हटलं, कानावरचे केस जरा कमी करा.

खरं सांगायचं तर तुझ्या बोलण्याबद्दल माझं मत सलूनवाल्याच्याच बाजूला झुकायचं. सभागृहाच्या भाषांतर विभागात मला बावीस वर्षं झाली. गावच्या शाळेत परक्या भाषेचं एकच पुस्तक होतं आणि त्याची शेवटची पानं उंदरांनी खाल्लेली. तिथून मी इथवर आलो. त्यामुळे या नोकरीबद्दल, या देशाबद्दल, मला एक भाबडी कृतज्ञता आहे, आणि तू तिची थट्टा करत आला आहेस. बाहेरचे पाहुणे आले, की त्यांच्या कानात माझा आवाज जातो. तो आवाज म्हणजे आपलं घर, असं मला वाटायचं. घर स्वच्छ दिसावं. पण हेही मी विसरलेलो नाही, की दगडाच्या धुळीने मरणाऱ्या कामगारांचा प्रश्न तू सात वर्षांत अकरा वेळा सभागृहात विचारलास आणि अकराही वेळा उत्तर आलं, ‘माहिती संकलित करण्यात येत आहे.’ त्या उत्तराचं भाषांतर दर वेळी मीच केलं आहे. शेवटी शेवटी तर मी जुन्याच प्रतीवरची तारीख तेवढी बदलायचो.

आता परदेशातल्या त्या परिषदेच्या दिवसाकडे येतो. तुला आमची काचेची खोली बाहेरून माहीत आहे, आतून नाही. सभागृह इथलं असो की तिथलं, मागच्या भिंतीत, जरा उंचावर, कपाटाएवढी जागा. दोन खुर्च्या, दोन माइक, पाण्याचा तांब्या. आम्ही दोघं असतो आणि अर्ध्या अर्ध्या तासाने आळीपाळीने बोलतो. जो बोलत नसतो तो दुसऱ्यासाठी आकडे कागदावर टिपून पुढे सरकवतो. त्या दिवशी माझ्या जोडीला आमच्या विभागातली धाकटी बाई होती. नियम एवढाच, की वक्ता ‘मी’ म्हणाला की आपणही ‘मी’ म्हणायचं. ‘वक्त्यांचं म्हणणं आहे’ वगैरे काही नाही. त्याची आई ती आपली आई, त्याचा राग तो आपला राग. आणि माइकशेजारी एक लहानसं बटण असतं. आम्ही त्याला खोकल्याचं बटण म्हणतो. खोकला आला, घसा खाकरायचा असला, की ते दाबून धरायचं. तेवढा वेळ ऐकणाऱ्यांच्या कानात काही जात नाही. बोट उचललं की आवाज पुन्हा सुरू.

तुझं लिखित भाषण माझ्यापुढे होतं. चार मिनिटांचं, निरुपद्रवी. आपल्या सर्वपक्षीय शिष्टमंडळाच्या नजरेखालून गेलेलं, त्यामुळे त्यात पाण्याशिवाय काही उरलं नव्हतं. दीड मिनिट झालं आणि तू कागद उपडा ठेवलास. म्हणालास, ‘आमच्या सरकारने तुम्हाला दिलेल्या अहवालात दगडाच्या धुळीने मेलेल्यांच्या रकान्यात शून्य आहे. ते शून्य खोटं आहे, कारण डॉक्टरांच्या फॉर्ममधून तो रकानाच काढून टाकला आहे.’ मी त्याचं भाषांतर केलं असं तुला वाटतं. मी म्हणालो, की अहवालात शून्य हा आकडा आहे आणि या विषयाकडे अधिक लक्ष देण्याची गरज आहे. जोडीदारीण टिपत होती, तिचं पेन थांबलं.

एवढ्यावर मी सावरलो असतो. असं कधी झालं, की पुढच्या वाक्यात भरून काढता येतं. पण तू मान वर केलीस आणि थेट आमच्या काचेकडे पाहिलंस. ‘माझ्या मित्राचा मोठा भाऊ,’ असं म्हणालास, आणि आमच्या दादाचं पूर्ण नाव घेतलंस. म्हणालास, की या माणसाने आम्हा दोघांना दोन खांद्यांवर बसवून ओढ्यापलीकडच्या शाळेत नेलं. तो अठरा वर्षं खडीच्या मशीनवर होता. ‘त्याच्या मृत्यूच्या दाखल्यावर अशक्तपणा लिहिलंय. माझ्या गावात अशक्तपणाने एकतीस माणसं गेली, आणि एकतीसच्या एकतीस त्याच मशीनवर कामाला होती.’

यातला एक शब्दही त्या सभागृहात कोणी ऐकला नाही. दादाचं नाव आलं तेव्हाच मी बटण दाबलं होतं. खोकला आला नव्हता. मी ते तसंच दाबून धरलं. तू बोलत होतास, तुझा आवाज तिथल्या भिंतींना लागून परत येत होता, आणि दीडशे माणसं कानाला यंत्र लावून शांतता ऐकत होती. मग मी बोट उचललं आणि म्हणालो, ‘आमच्या कामगारांबद्दल आम्हाला अतिशय आदर आहे. धन्यवाद.’ हे वाक्य तुझं नव्हे, माझं. बावीस वर्षांत मी स्वतःच्या मनाने बोललेलं पहिलं वाक्य, आणि ते असं. जोडीदारणीने पाण्याचा पेला माझ्यापुढे ठेवला. तिने आजवर कोणाकडे चकार शब्द काढलेला नाही.

टाळ्या पडल्या. त्या सभ्य टाळ्या होत्या, पण तुला त्या तुझ्या वाटल्या. मी खाली तुझ्याजवळ आलो तोवर परिषदेच्या अध्यक्षबाई उतरून आल्या, तुझा हात हातात घेऊन म्हणाल्या, की तुमच्या देशाला कामगारांविषयी इतका आदर आहे हे ऐकून फार बरं वाटलं. तू माझ्याकडे पाहिलंस. मी म्हणालो, ‘बाई म्हणतात, तुमचं बोलणं मनाला भिडलं.’ तुझे डोळे भरून आले आणि तू माझा खांदा इतक्या जोरात दाबलास की दोन दिवस दुखत होता. संध्याकाळी फिरायला निघालो तेव्हा तू दोनदा म्हणालास, एवढं ऐकून एकालाही काही विचारावंसं कसं वाटलं नाही? मी म्हटलं, सभ्य लोक आहेत.

त्यानंतरचं तुला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. तुझं बोलणं आपल्या भाषेत घरोघरी फोनवर पोहोचलं. तुझे पुतळे जळले, तुला नाही नाही ती विशेषणं लागली, आणि परकीयांसमोर देशाची अब्रू घालवल्याबद्दल शिस्तपालन समिती बसली. तू टीव्हीवर एवढंच म्हणालास, की तिथल्या लोकांनी माझं शांतपणे ऐकून घेतलं, इथे सात वर्षांत कोणी ऐकलं नाही. मी टीव्ही बंद केला. तुझी वहिनी म्हणाली, अहो, तुमच्या मित्राबद्दल चाललंय आणि बंद काय करता?

तिला मी मागच्या आठवड्यात सगळं सांगितलं. मी आधी देशाचं सांगितलं, घराचं सांगितलं, परक्यांसमोर मान खाली जाऊ नये म्हणून केलं, असं सगळं. तिने भाजी निवडता निवडता ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘त्यांनी दादांचं नाव घेतलं, आणि तुम्ही ते गिळलंत?’ बस्स. भाजीची परडी घेऊन आत गेली.

तेव्हापासून मी देशाचं कारण कोणाला सांगत नाही, स्वतःलाही नाही. पहिलं वाक्य मी पातळ केलं ते कदाचित देशासाठी असेल. पण बटण मी दाबलं ते दुसऱ्याच कशासाठी तरी. तुला आठवतं का, शेवटच्या दोन वर्षांत आमच्याकडे कोणी पाहुणे आले की आई दादाला मागच्या खोलीत बसवायची? त्याच्या हातात पाण्याचा लोटा द्यायची, दार लोटून घ्यायची आणि स्वतः मोठ्याने बोलत राहायची. माझ्या लग्नाच्या बोलणीच्या वेळीही तो तिथेच होता. दाराआडून तो खोकला दाबायचा प्रयत्न करायचा, आणि दाबलेला खोकला जास्त ऐकू येतो. आईचं मी वाईट म्हणत नाही. तिला घर सांभाळायचं होतं. तूच तेव्हा एकदा पाहुण्यांसमोरून उठून सरळ मागे गेलास आणि दादाजवळ जाऊन बसलास. आई तुझ्यावर आठवडाभर रागावली होती. मी पाहुण्यांजवळच बसून राहिलो. आपल्या दोघांत एवढाच फरक आहे, आणि तो चौतीस वर्षांत बदललेला दिसत नाही.

बाहेर जाऊन बोलावं की नाही, याचा मी अजून विचार करतो. माझं मन पूर्ण फिरलं आहे असं तुला बरं वाटावं म्हणून लिहिणार नाही. परक्यांच्या व्यासपीठावर आपल्या घराविषयी बोलताना माणसाने दहा वेळा थांबावं, असं मला आजही वाटतं. तिथे ऐकणाऱ्यात चांगले असतात, तसे आपलं वाईट ऐकून खूश होणारेही असतात. पण ते दहा वेळा थांबणं बोलणाऱ्याने करायचं असतं. तू थांबला असशील, हे मला माहीत आहे. इथे अकरा वेळा विचारून झाल्यावरच तू तो कागद उपडा ठेवलास. तुझ्या वतीने थांबण्याचा अधिकार मला कोणी दिला नव्हता. सरकारने नाही, देशाने नाही, देवाने तर नाहीच. आणि झाकायचंच असेल, तर आपण घराची अब्रू झाकतो आहोत की मागच्या खोलीतला माणूस, एवढं तरी मी डोळे उघडून पाहायला हवं होतं.

सोमवारी समितीचं पत्र आमच्या विभागात आलं. परकीय श्रोत्यांनी प्रत्यक्षात काय ऐकलं, त्याची प्रमाणित प्रत हवी. आमच्या साहेबांनी ते प्रेमाने माझ्याच टेबलावर ठेवलं. म्हणाले, तुमचंच काम आहे, तुम्हीच प्रमाणित करा, मूळ भाषण आहेच, त्यावरून करून टाका. परिषदेकडून आलेलं माझ्या आवाजाचं ध्वनिमुद्रण सोबत होतं. साहेबांनी ते उघडलंही नव्हतं. कोणी उघडणारही नव्हतं. मी तुझ्या मूळ भाषणाचं नीट भाषांतर करून सही ठोकली असती, तर आयुष्यभर कोणाला पत्ता लागला नसता. फक्त तुझं सदस्यत्व गेलं असतं. मी ते ऐकलं. स्वतःचा तो सौम्य, स्वच्छ आवाज. मग चाळीस सेकंद काहीच नाही. मग आदर, आणि धन्यवाद.

काल सकाळी मी होतं तसं, शब्द न् शब्द लिहून दिलं. चाळीस सेकंदांच्या जागी ‘दुभाष्याने बटण दाबून ठेवले’ असं लिहिलं आणि खाली माझं नाव. साहेबांनी दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, वेडेपणा केलात. माझ्या नोकरीचं काय होईल ते होईल. लेक आता कमावती होईल, तुझी वहिनी शिवण पुन्हा सुरू करते म्हणते, आणि गेल्या दीड महिन्यात पहिल्यांदा मला काल गाढ झोप लागली. शुक्रवारी तू समितीपुढे जाशील तेव्हा तुझ्यावरचा आरोप उभाच राहणार नाही. परकीयांसमोर बदनामी केली म्हणतात, आणि परकीयांनी तर काही ऐकलंच नाही. तू सुटशील. तुझे पक्षातले लोक पेढे वाटतील. पण आपण ज्याला तिथवर घेऊन गेलो होतो, तो माणूस पुन्हा दाराआडच राहील.

म्हणून सोबत एक कागद जोडला आहे, आणि खरं तर त्याच्यासाठीच एवढं लांबण लावलं. परिषदेचं इतिवृत्त छापायला जाण्याआधी त्यात दुरुस्ती देता येते. मुदत या महिनाअखेरची. तुझ्या भाषणाचं मी पुन्हा, या वेळी सगळ्याचं, भाषांतर केलं आहे. दादाचं नाव त्यांच्या लिपीत लिहायला मला तीन कागद लागले. हे छापलं गेलं, की तिथली आरोग्य समिती त्या रकान्याबद्दल आपल्या सरकारला लेखी विचारणार, आणि त्यांना ‘माहिती संकलित करण्यात येत आहे’ चालत नाही. पण हे नीट समजून घे: तू जे केलंस असा तुझ्यावर आरोप आहे, ते अजून झालेलंच नाही. हा कागद गेला तर ते होईल, आणि तेव्हा तुला सोडवायला माझ्याकडे काही उरणार नाही. काकूंना विचार. घाई करू नकोस. नाही पाठवलास तर मी तुला कधी विचारणार नाही, आणि तुझ्याबद्दलचं माझं मत तसूभरही हलणार नाही, हे देवाला स्मरून लिहितो. तळाशी दोन सह्या लागतात, एक बोलणाऱ्याची आणि एक दुभाष्याची. माझी मी केली आहे.

तुझाच,
दुभाष्या